तेल खाणाऱ्या मातीचं विरजण

आमच्या वावरात टँकर उलटला तेव्हा अर्धा गाव कॅन, बादल्या, घागरी घेऊन पळत आला. ड्रायव्हर जिता आहे का मेला, हे बघायला मात्र मी एकटीच गेले. मोठेपणा म्हणून सांगत नाही. माझ्या हातात तेव्हा भांडं नव्हतं, एवढंच.

ड्रायव्हर जिता होता. लिंबाखाली बसून तो दोन तांबे पाणी पिला आणि म्हणाला, "मावशी, इथं चार्जर भेटंल का?" तिकडं कुणीतरी "डिझेल, डिझेल" म्हणून हाकाटी केली होती. डिझेल कसलं. लोखंडाच्या कारखान्यात भट्टी पेटवायला नेतात ते काळं तेल होतं. काकवीसारखं दाट, वासानं डोकं उठावं असं. बादलीत भरून कुणाच्या कामाचं नाही, आणि एकदा भरलं की बादलीतून निघतही नाही. एका दूधवाल्यानं घाईघाईत दुधाचाच कॅन बुडवला. त्या कॅनमध्ये आता त्याची कोंबडी अंडी घालते.

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. क्रेन आली, टँकर उचलून नेला, पोलीस गेले. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी बूट खराब होतील म्हणून बांधावरूनच पंचनामा केला. सगळे पांगले आणि तिथं तेल राहिलं अन् मी राहिले.

आता ते वावर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल चार गुंठ्यांसाठी म्हातारी एवढी का उड्या मारून राह्यली. वडीगोद्रीच्या अलीकडं, रस्त्याला अगदी लागून हा तुकडा. नवरा गेल्यावर वाटण्या झाल्या त्यात माझ्या वाट्याला आला. आतली मोसंबी, कापूस, विहिरीकडचं रान, सगळं दिराचं. हा तुकडा धुळीचा, म्हणून माझा. मी तिथं मेथी, भेंडी, मिरची लावायची. पण खरं सांगू का, भाजी हा नुसता बहाणा. त्या तुकड्याच्या कोपऱ्यात लिंबाचं झाड आहे आणि त्या लिंबाखाली एसटी थांबते. बोर्ड नाही, शेड नाही, पण ड्रायव्हर-कंडक्टरला ठाऊक आहे. अंबडच्या कोर्टात तारखेला निघालेली, सासरहून रुसून चाललेली, दवाखान्यातले फोटो पिशवीत घेतलेली, सगळ्या बायका माझ्या बांधावर टेकतात आणि गाडी येईपर्यंत बोलतात. गाडी कधी वेळेवर येत नाही, हा महामंडळाचा माझ्यावरचा उपकार. मी चौथीपर्यंत शिकले. बाकीचं शिक्षण त्या बांधावर झालं. कुणी टाकून गेलेला पेपर वाचावा, कुणाकडून कायदा ऐकावा, कुणाकडून आजार. फी म्हणून मेथीची जुडी.

तेल सांडलं आणि बायकांनी पदर नाकाला लावला. आठवड्याभरात त्या पुढच्या फाट्यावर जाऊन उभ्या राहायला लागल्या. भाजी गेली त्याचं वाईट वाटलंच, पण बोलायला माणूस नाही हे मला बिलकुल सोसेना. घरी जाऊ होती. जाऊ वाईट नाही. पण ती टीव्ही बघते आणि मधे बोललेलं तिला चालत नाही.

अशातच एक दिवस भाऊजी, म्हणजे माझे दीर, एका हॉटेलवाल्याला घेऊन आले. मी चहा टाकला. भाऊजी वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण कर्तेपणा अंगात लवकर आलेला.

"वहिनी, ती माती मेली आता. यांना भाड्यानं देऊन टाका. वर मुरूम टाकतेत, फरशी टाकतेत, चांगला ढाबा हुईल."

हॉटेलवाला म्हणाला, "लिंब तेवढा काढावा लागंल. गाड्यांना आडवा येतो."

तोवर मी ऐकून घेत होते. लिंबाचं नाव निघालं तशी कप खाली ठेवला.

"माती मेली हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे, वहिनी? वास घ्या की."

"वास तर तुमच्या मोज्यांचा बी येतो. तुम्ही कुठं मेले?"

भिंतीपलीकडं जाऊ खुदकन हसली आणि तिच्या टीव्हीचा आवाज कमी झाला. भाऊजी हॉटेलवाल्यापुढं कावरेबावरे झाले. म्हणाले, "मंग किती दिवस सुतक धरायचं त्या मातीचं? काहीतरी एक सांगा."

आणि मी रागाच्या भरात सांगून बसले. "घट बसतील तवा याच वावरातली माती घटाला घालीन. उगवलं तर वावर माझं, लिंब माझा. न्हाई उगवलं तर तुमचा मुरूम अन् तुमचा ढाबा. मी शब्द काढणार न्हाई."

आमच्याकडं नवरात्रात घटाला ज्याच्या त्याच्या वावरातली माती लागते. पत्रावळीवर ती पसरायची, मधे पाण्याचा घट ठेवायचा, भोवती गहू, ज्वारी, करडई पेरायची, आणि नऊ दिवसांत कसं तरारतं त्यावरून घराचं वर्ष कसं जाणार ते बघायचं. म्हणजे मी देवीलाच परीक्षक नेमलं होतं. तिला न विचारता.

हॉटेलवाला गेल्यावर जाऊ बाहेर आली. "बाई, देवीपुढं असली पैज लावतेत का? घट उगवला न्हाई तर घराला बरं नसतं."

"माझी चूल येगळी हाय. बरं नसलं तर माझ्यापुरतं नसंल."

"भिंत तर एकच हाय ना," ती म्हणाली. तिचंही बराबर होतं.

शब्द दिला, पण पुढं काय करायचं ते कुणाला ठाऊक होतं? मी आधी धुण्याची पावडर टाकून पाहिली. तेलाला फेस आला आणि फेसाला तेलाचा वास आला. मंग दोन पाट्या राख टाकली. राख काळी झाली. मी बांधावर बसून राहिले.

एका दुपारी कुठल्याशा गाडीतून उतरलेली एक तरणी बाई दुसऱ्या गाडीची वाट बघत लिंबाखाली उभी राहिली. नव्या माणसाला पुढचा फाटा ठाऊक नव्हता, म्हणून सापडली. तिनं आधी रुमाल नाकाला लावला, मंग काढला, आणि वाकून मूठभर काळी माती उचलून हुंगली. एकदा नाही, दोनदा. मला कळवळा आला. पोटुशी बाईला मातीचे डोहाळे लागतात, पण इतक्या घाण मातीचे मी पहिल्यांदाच बघत होते.

"कितवा महिना, बाई?" मी विचारलं.

ती बघतच राहिली, मंग इतकी हसली की तिच्या हातातली माती साडीवर सांडली. ती शेतकी कॉलेजात मातीचाच विषय शिकवणारी मॅडम निघाली. मी टँकरचं सगळं सांगितलं, पैजेचं सांगितलं. ती उकिडवी बसून मातीत बोटं घालत ऐकत होती.

"मावशी, या मातीत तेल खाणारे जिवाणू असतात. आधीपासून असतात, पण थोडे. खायला मिळालं की वाढतात."

"मंग आजवर काय खात होते बिचारे?"

"पाला, मुळ्या, मेलेले जीव. आणि हे तेल तरी काय आहे? लाखो वर्षांपूर्वी मेलेले बारीक जीवच आहेत ते. जमिनीखाली दाबून दाबून तेल झालं."

"म्हणजे माझ्या वावरात मढं सांडलंय म्हणा."

"फार जुनं मढं."

"असू दे. मंग बसू द्या त्यांना जेवायला. मी कुठं अडवलंय?"

"नुसत्या तेलावर भागत नाही त्यांचं. तुम्हाला नुसत्या भाकरी वाढल्या आणि कोरड्यास दिलंच नाही, तर किती खाल?"

"एक. ती बी शिव्या देत."

"तसंच. तेल ही त्यांची भाकरी. युरिया, सुपर फॉस्फेट हे कोरड्यास. वरून पाणी, पण नुसता ओलावा राहील इतकंच, गारा नाही करायचा. आणि आठ-पंधरा दिवसाला माती वरखाली करायची, हवा लागते त्यांना."

तेवढ्यात तिची गाडी आली. ड्रायव्हरनं दोन वेळा हॉर्न दिला. ती चढली नाही, बोलतच राहिली. तेव्हाच मी तिला आपल्यातली मानली.

मंग तिनं एक प्रश्न विचारला. "असं एखादं ठिकाण आहे का जवळपास, जिथं वर्षानुवर्षं तेल सांडतंय आणि तरी गवत येतंय?"

मला सांगायला वेळ लागला नाही. आत विहिरीजवळ पूर्वी तेलाचं इंजन होतं. मोटर बसली, इंजन भंगारात गेलं, नुसता चौथरा राहिला. माझा नवरा त्या इंजनात जेवढं डिझेल घालायचा त्याच्या निम्मं खाली सांडायचा. जुनं ऑइल तर तिथंच ओतायचा. मी रोज भांडायची, "हे इंजन पितंय का जमीन पितीय?" तो म्हणायचा, "दोघं बी पितेत. मी पित न्हाई त्याचा आनंद मान." त्या चौथऱ्याभोवतीची माती आजही काळी आणि तेलकट, आणि तिच्यात हराळी अशी माजलेली की खुरपं थकंल. मी कितीदा ती उपटली. कधी प्रश्न पडला नाही की ही इथं जगते कशी.

"तीच माती आणा," मॅडम म्हणाली. "तिथले जिवाणू तेल पचवायला सरावलेत. ते यात मिसळले की काम जल्दी सुरू होईल."

"म्हणजे विरजण."

"हो. विरजणच की."

नवऱ्यानं माझ्यासाठी मागं काय ठेवलं म्हणून विचाराल तर हे सांडलेलं तेल. आज जिता असता तर मान ताठ करून गावभर फिरला असता आणि मला ते बघावं लागलं असतं.

दोन रोजगारी बाया लावून तेल मुरलेल्या जागेवरची वीतभर माती खोरली आणि बांधाला लागून लांबट ढीग घातला. त्यात तुरीचं भुसकट, शेणखत, कोरड्यास, आणि इंजनाजवळची चार घमेली माती. उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळ हंड्यानं पाणी शिंपडलं. पंधरवड्याला फावड्यानं वरखाली. गावाला तर करमणूकच झाली. भाऊजी जाता-येता विचारायचे, "वहिनी, जेवले का पाव्हणे? पान-सुपारी पाठवू का?" जाऊ म्हणायची, "सुनांना बी कुणी एवढं खाऊ घालत न्हाई." मला सून नाही, म्हणून ते लागलं नाही. मी म्हणायची, "सुना खाऊन नावं ठेवतेत. हे गप खातेत."

दोन-अडीच महिन्यांनी मला पहिल्यांदा वाटलं की वास बदलला. तेलाचा होताच, पण त्याच्या मागून जरासा मातीचाही यायला लागला. मॅडमनं जाताना नंबर दिला होता, तिला फोन केला. ती म्हणाली, "रविवारी येते बघायला."

आता माझ्या मूर्खपणाचं सांगते. एवढी शिकलेली बाई आपल्या दारी येणार आणि तो ढीग तसाच खरबरीत, भुसकट बाहेर आलेलं. मला लाज वाटली. शुक्रवारी मी शेण कालवलं, त्यात पांढरी माती घातली, आणि तो अख्खा ढीग चुलीसारखा गुळगुळीत सारवून काढला. शनिवारी दुसरा हात दिला. रविवारी सकाळी वर रांगोळी काढली, हळद-कुंकू वाहिलं. जाऊसुद्धा बघायला आली आणि म्हणाली, "बाई, झ्याक दिसून राह्यलं." तिनं मला आजवर एवढं एकच चांगलं म्हटलेलं, आणि तेही चुकीच्या दिवशी.

मॅडम आली. बघून तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मला वाटलं भारावली.

"मावशी, हे काय केलं? त्यांचा गळाच दाबला की तुम्ही."

"कुणाचा?"

"तुमच्या पाहुण्यांचा. हवा कुठून जाणार यातून? तेल खायला त्यांना श्वास लागतो."

तिनं फावडं घेतलं आणि माझ्या रांगोळीच्या बरोबर मधोमध घातलं. आतून गटारीचा वास आला. कुणी माझ्या रांगोळीवर पाय दिला तर मी त्याला सोडत नाही, पण त्या दिवशी मीच कुदळ घेऊन दुसऱ्या टोकाकडून सारवण फोडत आले. दोघी घामाघूम झालो. हळद-कुंकू आत कालवलं गेलं. "हेही खातील," मॅडम म्हणाली. "स्वागत केलं म्हणून राग नाही धरत ते." जाताना तिनं बजावलं, "घराला शोभा, ढिगाला हवा. लक्षात ठेवा." ते दोन दिवस किती मेले कुणास ठाऊक. मी कुणाजवळ बोलले नाही. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट.

पावसाळ्यात ढिगावर जुनं मेणकापड टाकायचं, उघडीप झाली की काढायचं, हे चालू राहिलं. ढीग खाली बसत गेला. पोळ्यानंतर मी तो तुकड्यावर परत पसरला. माती पहिल्यासारखी झाली म्हणाल तर नाही. काही ढेकळं फोडली की आत डांबरासारखी गाठ निघायची. पण हात काळा होत नव्हता आता. आणि मंग घट आले.

घटस्थापनेच्या सकाळी भाऊजी मुद्दाम माझ्याबरोबर वावरात आले. मी दुसरीकडची माती उचलते का काय बघायला. मी म्हणाले, "तुम्हीच भरा टोपलं." त्यांनी वेचून वेचून भरलं, आणि मला पक्कं ठाऊक आहे, चांगली जागा सोडून भरलं. जाऊच्या आणि माझ्या घरात भिंतीला एक खिडकी आहे, तिच्यातून दोघींचे घट एकमेकींना दिसतात. धान्य आम्ही एकाच डब्यातलं घेतलं, म्हणजे नंतर भांडण नको.

तिसऱ्या दिवशी जाऊच्या घटात हिरवी टोकं वर आली. माझी माती जशीच्या तशी, बसलेल्या केकसारखी. जाऊ खिडकीतून बघायची आणि परत टीव्हीपुढं जाऊन बसायची. तिच्या बोलण्यापेक्षा ते जड होतं. हॉटेलवाला रस्त्यानं जाताना लिंबाकडं बघून गेला म्हणे.

चौथ्या दिवशी दुपारी जाऊ झोपली होती. कबूल करते, मी वाटी घेऊन उठले होते. खिडकीतून हात घालून तिच्या मातीतली दोन-चार रोपं उचलली असती तर कुणाला कळलं नसतं. दिव्याखेरीज कुणी बघत नव्हतं. पण मंग वाटलं, हे उगवलेलं माझं नसंल, मंग उन्हाळाभर कुणाला जेवू घातलं मी? मी वाटी ठेवली आणि त्याहून वाईट काम केलं. घटाच्या मातीला बसल्यावर हात लावत नाहीत. मी केसातला आकडा काढला आणि कडेचा एक गव्हाचा दाणा उकरला. देवीला म्हणाले, "आई, तू तिकडं बघ जरा."

दाण्याला मूळ फुटलं होतं. पांढरं, केसासारखं, खाली वळलेलं. मी दाणा परत दाबला, आकडा पुसून केसात घातला आणि तिथंच भिंतीला टेकून बसले. जाऊ उठून खिडकीतून म्हणाली, "बाई, काय झालं, बरं वाटंना का?"

"उपासानं," मी म्हणाले.

सहाव्या दिवशी ज्वारी वर आली, मंग गहू. करडई रुसली ती रुसलीच. नवव्या दिवशी जाऊचा घट वीतभर हिरवागार, आणि माझा चार बोटं, पिवळसर, एका बाजूला तळहाताएवढी जागा साफ टक्कल.

दसऱ्याला भाऊजी नवी टोपी घालून आले. दाराशी हॉटेलवाला उभा. भाऊजी घटापुढं वाकले.

"वहिनी, हे तर अर्धवट उगवलंय."

"तुमची दहावी बी अर्धवटच झालती. तरी लग्न लावलंच ना तुमचं?"

जाऊ खिडकीच्या पलीकडून इतकी हसली की भाऊजींनाही हसू आवरेना. त्यांनी माझ्या घटातलं धान उपटलं. दसऱ्याला पुरुष ते टोपीत खोवतात. त्यांनी आधी मुळाशी नाक नेलं, दोनदा हुंगलं, त्या मॅडमसारखंच. मंग खोवलं टोपीत. पिवळं तर पिवळं. बाहेर जाऊन हॉटेलवाल्याला म्हणाले, "न्हाई जमत. वहिनीचं वावर जितं हाय."

मॅडमला फोनवर सांगितलं तर तिला आनंद झाला, पण तिनं लगेच लगाम घातला. "मावशी, उगवलं म्हणजे सगळं तेल गेलं असं नाही. खायची भाजी एवढ्यात नको. झेंडू लावा. माती मी तपासायला नेते." म्हणून सध्या तिथं झेंडू आहे. मेथी नाही, त्यामुळं माझी फी बंद आहे. तरी बायका परत आल्या. कोपऱ्यात अजून ऊन तापलं की तेलाचा वास उठतो. एखादी नवी बाई नाक मुरडून विचारते, आजी, हा वास कसला? मंग मी सांगायला लागते, आणि ड्रायव्हरला कितीदा तरी हॉर्न वाजवावा लागतो.

परवा जाऊ वाटी घेऊन दारात आली. दिवा नुकताच लावला होता.

"बाई, ट्रॅक्टरचं तेल गळून गळून आमच्या दारातली तगर वाळून राह्यली. वाटीभर माती द्या की तुमच्या पाव्हण्यांची."

मी तिच्या वाटीकडं बघितलं. एवढ्या वर्षांत ती माझ्याकडं दह्याचं विरजण मागायलाही आली नव्हती.

"दिवेलागण झाल्यावर विरजण देत न्हाईत," मी म्हणाले. "सकाळी ये. अन् टीव्ही बंद करून ये, हे सांगायला टाइम लागतो."